कॅव्हनचा स्मिथ कुठला?

"आडनाव सांगा, मूळ सांगतो" म्हणणारे गावाकडच्या वादांत पुन्हा दिसू लागलेत. शेवटी -कर असलं की गाव पक्कं, धंद्याचं आडनाव असलं की जात पक्की! डब्लिनमध्ये बसून हे वाचताना राग येतो. इथे असं मूळ शोधायला गेलं की पहिल्याच पायरीवर पाय घसरतो.

आयर्लंडच्या कॅव्हन काउंटीतला, म्हणजे जिल्ह्यातला, स्मिथ घ्या. वाटतो अस्सल इंग्रज, निघतो बहुतेकदा मॅक गाउन. 'गाउ' म्हणजे लोहार, 'मॅक' म्हणजे मुलगा. 1465 च्या कायद्याने डब्लिन, मीथ, लाउथ, किल्डेअरच्या आयरिश लोकांना इंग्रजी आडनाव घ्यायला लावलं, गावाचं, रंगाचं नाहीतर धंद्याचं. त्यात 'स्मिथ' नावानिशी आहे. कॅव्हन त्या यादीत नाही. तिथे भाषांतर पुढे झालं. आणि लोहार काय एकाच गावात होते? म्हणून मॅक गाउन म्हटलं तरी कूळ एकच असं नाही.

मग शोधायचं कसं? आधी टाउनलँड, म्हणजे वाडी, पक्की करा. 1901 आणि 1911 ची जनगणना ऑनलाइन फुकट आहे. दोन्ही बघा, कारण तेच घर एकदा स्मिथ आणि एकदा मॅकगाउन असू शकतं. स्मिथची दोन्ही स्पेलिंग (Smith, Smyth), मॅकगाउन आणि नुसतं गाउन, चारही टाकून पाहा. मागे जायचं तर ग्रिफिथचं मूल्यांकन, म्हणजे करासाठी केलेली जमीन-घरांची यादी, 1847 ते 1864. त्यात 'मॅक'च्या जागी नुसता 'एम' आणि वर अपॉस्ट्रॉफीसारखी खूण छापलीय, त्यामुळे शोधात नाव निसटतं. 1821 ते 1851 च्या जनगणना बहुतेक 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातल्या आगीत जळाल्या. उरतात पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, बाप्तिस्मा-लग्नांच्या नोंदी.

काही घरांनी 1911 चा फॉर्म आयरिश भाषेत भरलाय. तिथे बाप 'मॅक गाउन', मुलगी 'निक गाउन', बायको 'बान विक गाउन'. एका छपराखाली तीन रूपं! स्पेलिंगवर अडून बसलात तर आपल्याच घरातल्या बायका हरवतील.

आयरिश माणूस ओळख होताच "कुठल्या काउंटीचे?" विचारतो, कारण 'मॅक'मध्ये पूर्वज आहे, ठिकाण नाही. माझ्या -करमध्ये मात्र ठिकाण आहे, पण तिथे मी राहत नाही. तरी त्या प्रश्नाला पहिलं उत्तर तोंडावर येतं ते त्याच गावाचं.