निष्ठावंतांनो, आधी भावाशी भांडा

लोकसभेची निवडणूक जाहीर झाली की पहिलं काम उरकून घ्या: सख्ख्या भावाशी भांडण. तो दुसऱ्या पक्षाचा असेल तर उत्तमच, नसेल तर तसा ठरवून टाका. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'शुभ सकाळ'च्या गुलाबाखाली त्याच्या नेत्याचं मधूनच कापलेलं भाषण चिकटवा. काका 'जाऊ दे रे' म्हणाले तर काकांनाही सोडू नका. मामेबहीण ग्रुपमधून बाहेर पडली की प्रचार तळागाळात पोचला असं समजा.

नेते काय करतात, तिकडे मात्र बघायचं नाही. त्यांचं वैर वेगळ्या प्रतीचं असतं, ते मुरतं. ऑक्टोबर 1977 मध्ये चरणसिंग गृहमंत्री असताना इंदिरा गांधींना अटक झाली. दुसऱ्याच दिवशी सुटका झाली, ते असो. पावणेदोन वर्षांनी, जुलै 1979 मध्ये, हेच चौधरीसाहेब पंतप्रधान झाले. पाठिंबा कुणाचा? इंदिराजींचा! विश्वासदर्शक ठराव यायच्या आत तो काढूनही घेतला गेला आणि साहेब पंतप्रधान म्हणून लोकसभेला एकदाही सामोरे न जाता घरी गेले. मधल्या काळात त्या अटकेवरून पारावर ज्यांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या, त्यांनी त्या नेमक्या कधी सोडायच्या, हे कुणी कळवल्याचं ऐकिवात नाही.

दुसरा सल्ला: 'आमचा नेता कोण?' असं चारचौघांत विचारू नका. डिसेंबर 1989 मध्ये, संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये, विश्वनाथ प्रताप सिंगांनी जनता दलाच्या नेतेपदासाठी, म्हणजे पर्यायाने पंतप्रधानपदासाठी, हरियाणाच्या देवीलालांचं नाव सुचवलं. निवड झाली. मग देवीलाल उठले, आपण ताऊच (म्हणजे थोरले काका) बरे म्हणाले, आणि पद सिंगांच्या ओटीत घातलं. या खेळाची कल्पना नसलेले त्याच पक्षाचे चंद्रशेखर संतापून निघून गेले. आता हिशेब नीट ठेवा, कारण इथे भल्याभल्यांची गाडी चुकते. पुढच्या नोव्हेंबरात चंद्रशेखर स्वतः पंतप्रधान झाले. पाठिंबा राजीव गांधींच्या काँग्रेसचा, ज्यांना हरवायला ही सगळी मंडळी एकत्र आली होती. आणि उपपंतप्रधान? देवीलाल! चार महिन्यांत तेही सरकार गेलं. निमित्त काय, तर राजीवजींच्या घराबाहेर हरियाणाचे दोन पोलीस पाळत ठेवताना सापडले. एवढ्या मोठ्या देशाचं सरकार दोन हवालदारांवर पडतं आणि तुम्ही उगाच जाहीरनामा वाचत बसता.

पक्षांतरबंदी कायद्याचा धसका घेऊ नका, तो तुमच्यासाठी नाहीच. 1985 च्या मूळ कायद्यात एक-तृतीयांश आमदार-खासदार फुटले तर ती फूट चालायची. 2003 मध्ये ती सवलत गेली, आता विलीनीकरणाला दोन-तृतीयांश लागतात. म्हणजे तिघांच्या पक्षात दोघांनी मनावर घेतलं की तिसरा आपोआप गद्दार. नेत्याला एवढं अपूर्णांकांचं गणित यावंच लागतं. कार्यकर्त्याचा मात्र घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे या कायद्यात, उल्लेखच नाही, त्यामुळे तुम्ही कितीही काळ, अगदी एकट्याने, निष्ठावंत राहू शकता.

तेव्हा उपरणं घेताना दोन घ्या. दुसरं ट्रंकेत, डांबराच्या गोळ्या घालून. गाडीवरचा स्टिकर पूर्ण चिकटवू नका, कोपरा मोकळा ठेवा. खरवडताना रंग जातो, हे मी स्वानुभवाने सांगतो. फेसबुकवरच्या जुन्या शिव्यांची यादी करून ठेवा, एका रात्रीत काढाव्या लागतात.

मग एखाद्या सकाळी टीव्हीवर कळेल की 'मतदारसंघाच्या विकासासाठी' साहेब तुमच्या भावाच्या पक्षात गेले. संध्याकाळी सत्कार असेल. हार, भाषणं, पुष्पगुच्छ सगळं उरकून साहेबांची गाडी निघून गेली की मैदानात तुम्ही वाका, सतरंजीचं एक टोक उचला. दुसरं टोक भावाच्या हातात असेल. झटकताना तोंडावर रुमाल धरा, धूळ फार उडते.