ताप उतरला म्हणजे बरं झालं असं नाही
आजारपणातल्या व्यायामावरच्या एका लेखात ‘घाम गाळला की आजार पळतो’ असं वाक्य वाचलं. नुसतं नाक वाहत असेल तर हलका व्यायाम फार तर चालतो, पण त्यानेही आजार पळत नाही. ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असेल तर व्यायाम पूर्ण बंद ठेवा, कळकळीची विनंती. तापात हृदयाचे ठोके आधीच वाढलेले असतात. त्यातून विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असेल, तर पळणं जिवावर बेतू शकतं.

मला मागच्या पावसाळ्यात डेंग्यू झाला. ताप उतरला त्याच दिवशी मी बूट घालून निघाले होते. आईने अडवलं म्हणून वाचले, कारण डेंग्यूत ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच सगळ्यात धोक्याचे. पुढे तीन आठवडे घराचा जिना चढतानाही धाप लागायची. पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढणारी मी, परतल्यावर पहिल्या दिवशी ३० पायऱ्यांवरच बसले. खरंच रडू आलं. मग रोज उठल्या उठल्या अंथरुणातच नाडी मोजू लागले. आजारापूर्वी मिनिटाला ६२ असायची, तेव्हा ७८. ती खाली येईपर्यंत फक्त सपाटीवर चालले. दोन महिन्यांनी वर देवळापर्यंत पोचले, मध्ये एकदा थांबून.

आजारामुळे ज्यांच्या व्यायामात खंड पडलाय त्यांनी आधीच्या निम्म्यापेक्षाही कमीने सुरुवात करा. दुसऱ्या दिवशी थकवा उरला तर वाढवू नका.