दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत

गोदेला पूर आला की धरणातून किती क्युसेक सोडलं हे बातम्या सांगतात. नाशिककर एवढंच विचारतो, "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" गुडघे, कंबर, छाती, पुराची आमची पट्टी हीच.

माझ्या डोक्याला पूर येतो तो नेमका द्वारका सर्कलला. हात हँडलवर, तोंडाला स्कार्फ, मागून बसचा हॉर्न आणि कल्पना मारुतीच्या छातीपर्यंत. घरी येऊन वही उघडावी तर घाटाची पायरीसुद्धा कोरडी.

म्हणून चिठ्ठ्या सुरू केल्या. जो कागद हाताला लागेल त्यावर खरडायचं आणि चपलांच्या रिकाम्या खोक्यात टाकायचं. यंदा एका दिवाळी अंकाला लेख कबूल केला आणि मोठ्या ऐटीत तो खोका उघडला. पहिलीच चिठ्ठी किराणा बिलाच्या पाठीवर, कोपऱ्यात हळदीचा अंगठा उमटलेला: "लोणचं = कोर्ट. आजोबा उभे राहतात. फार महत्त्वाचं!!"

खाली तीन रेघा. मी अर्धा तास त्या तीन रेघांकडे बघत बसले. लोणचं मुरतं आणि खटलाही मुरतो, इथवर ठीक. पण आजोबा कोणाचे? माझे तर झोपाळ्यावरून कधी उठलेच नाहीत.

नवऱ्याने तोडगा काढला. निकलास लूमान नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने म्हणे आयुष्यभरात सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लिहिल्या, प्रत्येकीला नंबर दिला, एकीवर दुसरीचा पत्ता टाकला आणि त्यातून डझनांनी पुस्तकं काढली. त्याच संध्याकाळी मी मेन रोडवरून कोरी कार्डं, चार रंगांची पेनं आणि झाकणाचे डबे आणले. माणसं लाल, प्रवास निळा, स्वयंपाक हिरवा. आता लोणचं हिरव्यात, आजोबा लालमध्ये, मग कोर्ट कुठे? कोर्टासाठी काळं पेन घेतलं. तीन संध्याकाळी अशा सुखात गेल्या की काय सांगू! लेखाची ओळ मात्र एकही नाही. काम टाळायला त्याच्या तयारीइतकं सोज्वळ निमित्त दुसरं नाही, कोणी ओरडतही नाही.

चौथ्या दिवशी गॅसची पावती हवी होती. ती सासूबाईंच्या तारेत. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लटकलेली, वर आकडा, खाली लाकडी चकती आणि मध्ये सगळं घर ओवलेलं. पावती शोधताना आधी हाती आलं कुसुमाग्रजांना १९८७चं ज्ञानपीठ मिळाल्याच्या बातमीचं कात्रण. समासात डिंकाच्या लाडवाचं प्रमाण: "खारीक अर्धा किलो, गूळ नजरेने."

"आई, यात काही सापडतं कसं?"

"एक शोधायला गेलं की आधी दुसरंच सापडतं. तू काय शोधतेयस इतके दिवस?"

मी हळदीची चिठ्ठी पुढे केली.

"अगं, गेल्या वर्षी कैऱ्या फोडताना मीच नाही का सांगितलं? आमचे मामंजी कोर्टात बेलीफ. जन्म गेला न्यायाधीश आले की उभं राहण्यात. पुढे पुढे फडताळातून लोणच्याची बरणी निघाली तरी पाटावरून ताडकन उठायचे. बरणी खाली ठेवेपर्यंत बसायचे नाहीत. सासूबाई मग मुद्दाम बरणी हातातच धरून ठेवायच्या."

पूर आला. कोरी कार्डं डब्यात, डबे माळ्यावर, शिडी शेजाऱ्यांकडे. समोर दुधाच्या हिशेबाचं कॅलेंडर होतं. उभ्या उभ्या त्यावरच लिहीत सुटले.

लेख गेला. महिनाअखेरीस दूधवाला आला तेव्हा १४ ते १९ तारखांवरून वाद झाला. सासूबाई ऐकेनात. "खाडाच आहे. हे बघ, सहाही घरांत न्यायाधीश बसलेत, दूध कुठे लिहिलंय?"