हरणांची शिंगे ओढणारा सापळा निरुपद्रवी नाही

अमेरिकेत मक्याच्या दाण्यांभोवती तारेची जाळी किंवा लवचीक दोर ताणून ठेवला की दाणे खायला आलेल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिंगे त्यात अडकून अलगद हाती येतात आणि जनावराला काहीच इजा होत नाही, हा फिरणारा दावा चुकीचा आहे. हिवाळ्यात नराच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन उतरले की शिंगाच्या मुळाशी हाड विरघळू लागते आणि शिंग, बहुधा जानेवारी ते मार्चदरम्यान, आपोआप गळते. त्याआधी हिसका बसल्यास कवटीवरील खुंटाला जखम होऊ शकते आणि दोर शिंगांत गुंतलाच, तर हरीण धडपडून मरूही शकते. शिवाय एकाच ढिगात अनेक तोंडे गेल्याने क्रॉनिक वेस्टिंग हा असाध्य रोग पसरण्यास वाव मिळतो. (आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे चितळाचे गळालेले शिंगही घरी आणता येत नाही.)