मेलेल्या बाईचा रोल

आमच्या शाळेत गॅदरिंगच्या नाटकाची निवड पाच मिनिटांत उरकायची. बाई वर्गात यायच्या, एकदा नजर फिरवायच्या, गोरा दिसेल तो राजा, खणखणीत आवाजाचा तो प्रधान, बाकीचे सगळे मावळे. कुणी रडलं तर त्याला झाड करायचे, विषय संपला. इथे न्यू जर्सीत लेकीच्या हायस्कूलचं नाटक म्हटलं की सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाल्या झाल्या ऑडिशन लागते आणि ती पोरीची कमी, घरच्यांचीच जास्त असते असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्यांदा येतो तो फॉर्म. त्यात एक कॉन्फ्लिक्ट शीट असतं, म्हणजे पुढच्या दोन-अडीच महिन्यांत कुठल्या दिवशी रिहर्सलला येता येणार नाही ते आत्ताच सांगा, मागाहून चालणार नाही. मी प्रामाणिकपणे गणपती, मंडळाची दिवाळी, दाताच्या तारा टाइट करायची अपॉइंटमेंट असं सगळं लिहून ठेवलं. लेकीने ते खसाखसा खोडलं आणि खाली मोठ्या अक्षरात 'नन' म्हणजे 'एकही नाही' असं लिहिलं, कारण ज्यांच्या शीटवर तारखा कमी त्यांना रोल मोठा असं सीनियर पोरं सांगतात म्हणे. अगं पण गणपती? तर म्हणे, "बाबा, बाप्पा विल अंडरस्टँड." माझी आई तेव्हा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली होती, तिने फक्त माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात माझ्या सगळ्या संस्कारांचा हिशोब होता.

मग मोनोलॉग. एक मिनिटाचं स्वगत पाठ करून जायचं, आधी नाव सांगायचं आणि मग धाडकन सुरू. लेकीने निवडलेल्या स्वगतात एक मुलगी बापावर ओरडते की तू माझं कधी ऐकतच नाहीस. हे रोज रात्री साडेदहाला, किचनमध्ये, मी भांडी डिशवॉशरला लावत असताना, खिडक्या उघड्या ठेवून. मी इतकं ऐकलं की मलाच ते पाठ झालं. शेजारच्या काकूंचा मेसेज आला, सगळं ठीक आहे ना? आता त्यांना काय सांगणार की हो, ती फक्त मार्कांसाठी ओरडतेय.

नाटक होतं 'अवर टाउन'. थॉर्नटन वाइल्डरचं, आणि त्याचा पहिलावहिला प्रयोग जानेवारी १९३८ मध्ये आमच्या इथेच प्रिन्स्टनला मॅकार्टर थिएटरमध्ये झाला होता. वाइल्डर पूर्वी जवळच लॉरेन्सव्हिलच्या शाळेत शिकवायचाही. हे वाचून मला उगाच आपलं घरचं कार्य असल्यासारखं वाटायला लागलं. नाटकाला सेट जवळपास नाहीच. टेबलं, खुर्च्या, दोन शिड्या, आणि आपल्या सूत्रधारासारखा एक स्टेज मॅनेजर, जो प्रेक्षकांशी गप्पा मारत कोण कधी मरणार तेही आधीच सांगून मोकळा होतो. वस्तू दिसत नाहीत, नुसत्या हाताने दाखवायच्या. मी खूश, कारण सेट नाही म्हणजे मागच्या वर्षीसारखं शनिवारी जाऊन प्लायवूडला रंग फासायला नको.

कोल्ड रीडिंगची, म्हणजे तयारीशिवाय हातात दिलेले संवाद तिथल्या तिथे वाचायची, प्रॅक्टिस म्हणून समोरच्या पात्राचे संवाद मला वाचायला लावले. मी जॉर्ज, सोळा-सतरा वर्षांचा, बेसबॉल खेळणारा, शेजारच्या एमिलीवर भाळलेला. मी अगदी मन लावून वाचलं. लेक म्हणाली, "बाबा, तू तिच्या प्रेमात आहेस, तिला होम लोन देत नाहीयेस." त्यानंतर जॉर्ज बायको वाचायला लागली आणि मला भांड्यांवर परत पाठवलं.

त्यात तिचा थिएटरचा क्लासही चालू, म्हणजे होमवर्क वेगळा. आरशाचा खेळ म्हणून एक असतो, समोरासमोर उभं राहायचं आणि एकाने जे हलवलं ते दुसऱ्याने तसंच हलवायचं. व्हायोला स्पोलिन नावाच्या बाईंनी शिकागोत मुलांना नाटक शिकवता शिकवता असे ढीगभर खेळ तयार केले, ते आता जगभर ड्रामाच्या वर्गात खेळतात. बाईंना माझा नमस्कार, पण त्यांच्या खेळात पन्नाशीच्या माणसाच्या खांद्याचा विचार झालेला नाही.

आणि मूकाभिनयाची असाइनमेंट. दोन मिनिटं, हातात काही नाही, एक घरकाम करून दाखवायचं, वस्तूचं वजन आणि आकार दिसला पाहिजे, पातेलं जिथे ठेवलं तिथूनच परत उचललं पाहिजे. नाटकाच्या पहिल्या अंकात दोन बायका बसून शेंगा निवडतात म्हणून लेकीने तेच घेतलं. आई सोफ्यावर बसून बघत होती.

"हे काय करतेयस?"

"बीन्स, आजी."

"शिरा कुठे काढल्यास? नुसत्या मोडून टाकतेयस."

"शिरा म्हणजे?"

झालं. आईने पदर खोचला आणि हवेतली एक शेंग उचलली. देठ मोडलं, अंगठ्याच्या नखाने धरून शीर खालपर्यंत ओढली, ती डाव्या बाजूला टाकली, शेंग उलटी करून दुसरी शीर काढली, मधेच एका शेंगेला भोक दिसलं म्हणून ती उघडून बघितली, तोंड वाकडं केलं, फेकली. मी शपथेवर सांगतो, मला अळी दिसली.

पोरीचाही दोष नाही म्हणा. इथल्या दुकानातल्या फरसबीला शिराच नसतात, १८९० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या केल्विन कीनी नावाच्या बियाणेवाल्याने बिनशिरांची जात काढली आणि पुढे तसल्याच जाती सगळीकडे झाल्या. नाटक घडतं १९०१ मध्ये, आडगावात, तेव्हा त्या बायकांच्या शेंगांना शिरा असणारच, पण हे सांगायला साताऱ्याहून माणूस यावं लागलं.

ऑडिशन झाली, कॉलबॅकला, म्हणजे दुसऱ्या फेरीला, नाव आलं, आणि शुक्रवारी संध्याकाळी कास्ट लिस्ट लागणार होती. लेक लॅपटॉपवर रिफ्रेश मारतेय, बायको फोनवर, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून. आईने विचारलं, बारावीचा निकाल आहे का? शेवटी लिस्ट आली. एमिली नाही. जॉर्जची आई मिसेस गिब्स नाही, एमिलीची आई मिसेस वेब नाही. खाली, खूप खाली, 'मेलेल्यांपैकी एक बाई'.

म्हणजे तिसऱ्या अंकात स्मशान असतं, मेलेली माणसं खुर्च्यांवर ओळीने बसलेली असतात, समोर बघत, शांत. संवाद दोन-चार वाक्यांचे. लेक खोलीत जाऊन दार लावून रडली. आईला रोल काय ते कळल्यावर तिने देवापुढे दिवा लावला आणि मला म्हणाली, "अरे, सोन्यासारखी पोर, आणि तिला मेलेली करतात? दुसरं कुणी नव्हतं का?" मी म्हटलं अगं त्याचे पण तास धरतात, इंटरनॅशनल थेस्पियन सोसायटी म्हणून नाटकवाल्या शाळकरी पोरांची एक संस्था आहे, १९२९ पासूनची, तिथे त्या तासांचे दहा पॉइंट जमले की सभासद करून घेतात. मेल्यावर पॉइंट मिळतात हे तिला काही पटलं नाही.

पोरगी मात्र जिद्दीची. रोल छोटा तर छोटा, पण मरायचं तर नीट. जेवताना पापणी न लवता समोर बघत बसायची, हाक मारली तरी मान फक्त इंचभर वळायची. तिसऱ्या दिवशी आईने मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन तिची दृष्ट काढली आणि त्या तापलेल्या तव्यावर टाकल्या. स्मोक अलार्म वाजला, आम्ही सगळे खोकत अंगणात, शेजारच्या काकू फोन घेऊन दारात. मेलेली बाई तेवढी शांत उभी होती, म्हणाली मी कॅरेक्टरमध्ये आहे.

प्रयोग नोव्हेंबरमध्ये झाला. सेट नव्हता तरी माझी सुटका नव्हतीच, मध्यंतरात मी लॉबीत पाण्याच्या बाटल्या आणि ब्राउनी विकत होतो. तिसरा अंक छान झाला, लेक एकदाही हलली नाही, बायको रडली. बाहेर आल्यावर ड्रामा टीचर भेटल्या आणि त्यांनी आईला अगदी प्रेमाने विचारलं, कसं वाटलं? मी भाषांतराला उभा. आई म्हणाली, "बाकी सगळं झ्याक, पण त्या दोघी पोरी शेंगा काय निवडत होत्या! एकीनेही शीर काढली नाही. त्यांना सांग, घास घशात अडकेल."

मी ते जरा मऊ करून सांगणार होतो, तेवढ्यात लेकीने जसंच्या तसं सांगून टाकलं. टीचरचे डोळे लकाकले, त्यांनी तिथल्या तिथे आईला वर्गावर बोलावलं.

पुढच्या आठवड्यात आई पासपोर्ट दाखवून शाळेत शिरली, साडीवर 'व्हिजिटर'चं स्टिकर, हातात एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून आणलेली तीन पौंड सुरती पापडी, कारण तिला बऱ्या शिरा असतात. आधी सगळ्यांनी खऱ्या शेंगा निवडल्या, मग रिकाम्या हातांनी. एका सहा फुटी पोराच्या हवेतल्या शेंगेची शीर अर्ध्यात तुटली म्हणून तिने त्याला परत पहिल्यापासून करायला लावली. टीचरने तिला फुलं दिली, मला निवडलेली पापडी. त्यातल्या निम्म्या शेंगांना शिरा तशाच होत्या, त्या मी घरी बसून काढल्या.