मेव्हण्याला गप्प करण्याची गुन्हेशास्त्रीय पद्धत

चवथीला पुण्याचा मेव्हणा येणार आणि आरतीचं तबक खाली ठेवायच्या आत "कोकण आता पूर्वीचं राहिलं नाही हो, चोऱ्यामाऱ्या वाढल्या" म्हणणार, हे ठरलेलं आहे. तेव्हा आपला सिंधुदुर्ग जिल्हा सुरक्षित असल्याचं आत्ताच पाठ करून ठेवा.

सुरुवात नुसत्या आकड्यांनी करा. 2011च्या जनगणनेत सिंधुदुर्गात 8,49,651 माणसं होती, पुणे जिल्ह्यात 94 लाखांच्या वर. चोऱ्या कुठे जास्त, हे सांगायला पोलीससुद्धा लागत नाहीत. मेव्हणा शिकलेला निघाला आणि "दर लाखामागे किती?" म्हणाला, तर भाजकावर हल्ला चढवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दर काढताना वर्षाच्या मध्याची, जुन्या जनगणनेवरून पुढे ताणलेली लोकसंख्या धरतो. आपल्या गावाला तीच रीत लावायची, तर जुलैत अर्धी घरं कुलपात असतात आणि गणपतीला एकेका घरात पंधरा माणसं झोपतात. नक्की कशाने भागायचं, हे ठरेपर्यंत मोदक संपतात.

मग गुन्ह्याचा प्रकार निवडा. खुनाच्या वाटेला जाऊ नका; मृतदेहाचा हिशोब कुठे ना कुठे द्यावाच लागतो. गाडीचोरीही नको, विम्याला फिर्यादीची प्रत लागते म्हणून लोक धावत ठाण्यात जातात. दरोडा धरायला हरकत नाही. कायद्याने त्याला किमान पाच जण लागतात आणि आपल्या वाडीत क्रिकेटला अकरा जमत नाहीत.

सर्वात उत्तम घरफोडी. आमच्याच माजघरातला तांब्याचा हंडा गेला. शिमग्याला दार उघडलं तेव्हा कोनाड्यात त्याच्या बुडाचा गोल डाग तेवढा उरला होता. ठाण्यात विचारलं, "नक्की कधी गेला?" आम्ही म्हटलं, चवथ ते शिमगा. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग काकांनी रवळनाथासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. ती फिर्याद अजून तपासावर आहे, पण देवाच्या दप्तराचा रकाना सरकारी अहवालात नसतो. जिल्हा सुरक्षित राहतो तो असा.

दारूच्या केसेस मात्र झाकून ठेवा. गोव्याची हद्द शेजारी, इन्सुलीला तपासणी नाका. जितक्या गाड्या तपासाव्यात तितके गुन्हे सापडतात. आकडा कमी हवा असेल तर तपासणाऱ्यांना जेवायला पाठवा.

एवढ्यावरही मेव्हणा बधला नाही, तर केरळ काढा. 2011च्या जनगणनेत साक्षरतेत पहिलं आलेलं राज्य आणि गुन्ह्यांच्या दरात दरवर्षी वरच्या रांगेत! तिथे साधी तक्रारही पोलीस लिहून घेतात, हे बोलू नका. गुन्हे वाढणं आणि नोंदणी वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं राष्ट्रीय अहवालच बजावतो. ते पान मेव्हण्याच्या हाती लागता कामा नये.

निघताना त्याला डझनभर नारळ द्या. आपल्या परसातले गेल्या पंधरवड्यात कुणीतरी पाडून नेले असतील, तेव्हा शेजाऱ्याकडून विकत आणा. ओळखीचे वाटले तरी घासाघीस करू नका.