मार्ट पूमला डोक्यावर का घेतलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एस्टोनियाचा माजी फुटबॉल गोलरक्षक मार्ट पूम याच्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: इंग्लंडमध्ये एकही मोठा चषक नाही, आर्सेनल या लंडनच्या क्लबकडून लीगचा जेमतेम एक सामना, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो नशिबाने लागलेल्या एका हेडरमुळे. अशा गोलरक्षकाचं एवढं कौतुक कशाला?

चषकांचं तुमचं म्हणणं खरं आहे. आर्सेनलमध्ये लेमान आणि आल्मुनिया या दोन गोलरक्षकांच्या मागे त्याचा नंबर लागत असे, तेही खरं.

हेडरचं मात्र पटत नाही. 20 सप्टेंबर 2003, डर्बी काउंटी क्लबचं प्राइड पार्क मैदान. पूमचा तेव्हाचा क्लब संडरलंड एका गोलने मागे आणि सामना संपत आलेला. कॉर्नर मिळाल्यावर संडरलंडचा हा गोलरक्षक आपला गोल मोकळा टाकून थेट पलीकडच्या बॉक्समध्ये येतो आणि एखाद्या मुरलेल्या स्ट्रायकरसारखा चेंडू डोक्याने जाळ्यात मारतो. 1-1. त्यानंतरचे काही सेकंद नीट बघा. सहकारी आनंदाने अंगावर झेपावतायत आणि हा जल्लोष करतच नाही. गोल डर्बीवर झालेला, आणि त्याच वर्षापर्यंत तो डर्बीचा होता. मी ती चित्रफीत कितीदा पाहिली असेल, दर वेळी तिथे गलबलून येतं.

डर्बीशी त्याचं नातं पहिल्याच सामन्यात जुळलं होतं. 5 एप्रिल 1997, ओल्ड ट्रॅफर्ड या त्यांच्याच मैदानावर मँचेस्टर युनायटेडला 3-2 ने हरवताना गोलमध्ये नवखा पूम होता. पुढे त्याने चेंडू अडवला की स्टँडमधून 'पूऽऽऽम' असा लांबलचक घोष उठायचा. ते इंग्रजी 'बू'सारखं ऐकू येई; नवख्या माणसाला वाटावं, लोक हुर्यो उडवतायत!

आणि त्याच्या मायदेशाचं काय? एस्टोनियाची लोकसंख्या साधारण 13 लाख. सोव्हिएत संघातून 1991 मध्ये सुटलेल्या या देशाचा राष्ट्रीय संघ नव्याने उभा राहत होता, तेव्हापासून पूम गोलमध्ये. फेब्रुवारी 1997 मध्ये मोनॅकोत स्कॉटलंडला 0-0 वर रोखलं, तेव्हाही तोच. देशासाठी एकूण 120 सामने. शेवटचा 10 जून 2009 रोजी टालिनमध्ये, पोर्तुगालविरुद्ध, आणि तोही 0-0. युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या सुवर्णमहोत्सवात प्रत्येक देशाने गेल्या 50 वर्षांतला आपला एकच खेळाडू निवडला होता. एस्टोनियाने पूमचं नाव दिलं. ज्या देशातल्या पोरांना इंग्लंडची लीग फक्त टीव्हीवर दिसायची, त्यांच्यासाठी आपला माणूस तिथे उभा राहणं किती मोठं होतं, हे चषक मोजून कसं कळणार?

एका बाबतीत मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. मँचेस्टर युनायटेडचा दिग्गज गोलरक्षक श्मायकेल याच्या पंगतीत मी त्याला बसवलं होतं. ते जास्तच झालं. ती ओळ आज काढून टाकली आहे.